बरे वाटणे आणि बरे होणे

रजेच्या अर्जात विद्यार्थिनी 'मला बरे वाटत नसल्यामुळे' असे लिहितात आणि चार दिवसांनी वर्गात परतल्या की 'आता बरी झाले, मॅडम' असे सांगतात. ही दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीची दोन टोके आहेत असे आपण समजून चालतो. व्याकरण मात्र त्यांत भेद करते. 'मला बरे वाटते' या वाक्यात 'मी' चतुर्थीत जाते; बरेपणा माझ्याकडे येतो आणि मी त्याचा अनुभव घेते. 'मी बरी झाले' या वाक्यात मी कर्ता आहे. बदल माझ्या शरीरात घडलेला आहे. बहुतेक दुखण्यांत या दोन क्रिया हातात हात घालून येतात. ताप उतरला की बरे वाटते, जखम भरत आली की ठणका थांबतो. त्यामुळे भेद लक्षात घेण्याची वेळ सहसा येत नाही. श्वासाच्या आजारात ती येते. तेथे वाटणे आणि होणे एकमेकांचा हात सोडून वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, आणि सुगंधी तेलांचे सगळे जग या दोन वाटांच्या मधल्या जागेत वसलेले आहे, असे मला गेल्या काही वर्षांच्या अनुभवावरून वाटू लागले आहे.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. 'दमा' हा शब्द फारसीतून आला. 'दम' म्हणजे श्वास. हाच दम आपण धीराच्या अर्थीही वापरतो. दम धरा, दमाने घ्या, त्याच्यात दम आहे. श्वास आणि धीर यांना एकाच शब्दात बसवणाऱ्यांनी धाप लागलेला माणूस जवळून पाहिला असला पाहिजे. दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ वाट अडवतो. ही झाली शरीराची हकिगत. पण त्याच क्षणी माणूस घाबरतो, घाबरला की श्वास उथळ आणि भराभर होतो, आणि तसा श्वास घेताना अधिकच घाबरतो. दम लागतो आणि दम सुटतोही. त्यामुळे दम्याच्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात : वाट मोकळी व्हावी, आणि भीती कमी व्हावी.

सासूबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आमचे गाव कृष्णाकाठचे; गळीत हंगाम सुरू झाला की शेतांतून पाचट पेटते आणि सकाळी अंगणात काळी काजळी पडलेली असते. मार्गशीर्षातली थंडी आणि पाचटाचा धूर एकत्र आले की त्यांच्या छातीत घरघर सुरू होते. घरातले उपाय त्यांच्याकडे पिढ्यांचे आहेत. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, खोबरेल तेलात विरघळवलेला कापूर, गरम पाण्यात निलगिरीचे चार थेंब टाकून टॉवेलखाली घेतलेली वाफ. कपाटात अमृतधारेची एक लहान बाटलीही असते. कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले की आपोआप वितळून त्यांचे पाणी होते. शाळेतल्या मुलांना त्या हा प्रयोग जादू म्हणून करून दाखवत. या सगळ्यांवर त्यांचा विश्वास होता. विश्वास नव्हता तो पंपावर. "पंपाची एकदा सवय लागली की मरेपर्यंत सुटत नाही," असे त्या म्हणत. मी म्हणे, "चष्म्याचीही लागते, आई." त्यावर त्या हसत; पंप मात्र साडीच्या घडीखाली ठेवत, कुणी आले-गेले तर दिसू नये म्हणून.

माझ्या नणंदेने पुण्याहून एकदा लहान लहान बाटल्यांची एक पेटी पाठवली. निलगिरी, लव्हेंडर, पेपरमिंट, लोबान आणि आणखी एकदोन. सोबतच्या पुस्तिकेत या तेलांनी छातीला आणि पाठीला मालीश केल्यास श्वसनमार्ग मोकळे होतात असे छापलेले होते. मराठीच्या माणसाला छापील क्रियापद खटकते तेव्हा तो त्याच्या मागे लागतो. 'मोकळे होतात' की 'मोकळे वाटतात'? या एका प्रश्नापायी मी बरेच वाचन केले.

'ॲरोमाथेरपी' हे नाव तसे अलीकडचे. रने-मॉरिस गात्तफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली त्याच नावाचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून ते रूढ झाले. पुढे १९५० आणि ६०च्या दशकांत मार्गेरित मोरी या बाईंनी ही तीव्र तेले साध्या तेलात मिसळून मालीश करण्याची पद्धत पसरवली. म्हणजे आज जिला ॲरोमाथेरपी मसाज म्हणतात तिचे वय शंभरही नाही. पण बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तेल चोळणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. निलगिरीची गोष्ट तर याहून गमतीची आहे. आजीच्या बटव्यातले म्हणून आपण जे तेल मिरवतो ते झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जळणासाठी ते निलगिरी पर्वतावर लावले आणि मराठीने पर्वताचे नाव झाडाला, झाडाचे तेलाला देऊन टाकले. पणजीच्या पणजीला हे तेल ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. परंपरा कधीकधी इतकी कोवळी असते.

एप्रिल २०२१मध्ये या सर्व वासांना अचानक मोठे महत्त्व आले. कोरोनाची दुसरी लाट होती, प्राणवायूसाठी माणसे वणवण फिरत होती, आणि मोबाइलवरून एक निरोप घरोघर पोहोचत होता : कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी करून हुंगत राहा, रक्तातला प्राणवायू वाढतो. तो वाढत नाही. पण पुरचुंडी हुंगल्यावर छातीत गार, मोकळे वाटते हे मात्र खरे होते, आणि म्हणूनच निरोपावर विश्वास बसत होता. त्या आजाराने उलटे उदाहरणही दाखवले. काहींना धाप जाणवत नव्हती, ते गप्पा मारत होते, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा मात्र धोक्याच्या खाली गेलेला होता. एकीकडे आकडा न वाढता बरे वाटणे, दुसरीकडे आकडा घसरूनही वाईट न वाटणे. आपल्या जाणिवेवर किती विसंबावे, हा एरवी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न त्या दिवसांत प्रत्येक घरात उशाशी येऊन बसला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना जाहीर झाले. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे कळतात, याचा शोध त्यांनी लावला होता. दोघांनीही स्वतंत्रपणे मेंथॉल, म्हणजे आपले पुदिन्याचे फूल, वापरून २००२ साली गारवा ओळखणारा एक ग्राहक शोधून काढला. त्याचे नाव टीआरपीएम८. थंड हवा नाकात शिरली की तो जागा होतो. पण मेंथॉलनेही तो तसाच जागा होतो, आणि निलगिरीतल्या सिनिओलनेही काही प्रमाणात होतो. मज्जातंतूला वाटते, भरपूर गार हवा आत येते आहे. ती येत असतेच असे नाही. कार्डिफ येथील संशोधक रॉन एक्लस यांनी १९८०च्या दशकातच हे मोजून दाखवले होते : मेंथॉल हुंगल्यावर लोकांना नाक मोकळे झाल्यासारखे वाटले, पण नाकातून हवा जाताना होणारा अडथळा होता तेवढाच राहिला. म्हणजे पुस्तिकेतले क्रियापद चुकले होते. तेथे 'वाटतात' हवे होते.

एवढ्यावर थांबले असते तर मी ती पेटी माळ्यावर टाकून दिली असती. पण सासूबाई शिक्षिका. त्यांना कोणतीही गोष्ट वहीत मांडल्याशिवाय पटत नाही. डॉक्टरांनी त्यांना पीक-फ्लो मीटर दिला होता. ती एक साधी प्लास्टिकची नळी असते. दीर्घ श्वास घेऊन जोरात फुंकले की काटा सरकतो आणि किती वेगाने हवा बाहेर पडली ते कळते. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, पट्टीने दोन रकाने आखले. एकावर लिहिले 'वाटते', दहापैकी गुण. दुसऱ्यावर लिहिले 'काटा'. तेलापूर्वी, तेलानंतर, पंपानंतर. चांगल्या दिवशी काटा २५०पर्यंत जाई. तेल चोळल्यावर 'वाटते' या रकान्यात चाराचे सात होत, आणि काटा जागचा हलत नसे, हलला तरी किंचित. पंप घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी काटा तीसचाळीसने वर जाई. महिनाभराने त्यांनीच वही माझ्यापुढे ठेवली आणि शाळेत निकाल वाचावा तशा स्वरात म्हणाल्या, "दोघंही पास आहेत. पण विषय वेगळे आहेत."

विषय वेगळे आहेत हे किती महत्त्वाचे आहे ते त्याच जानेवारीत कळले. रात्री मागच्या शेतात पाचट पेटवलेले होते. त्यांना ढास लागली, मी पाठीला तेल चोळले, निलगिरीचा वास घरभर पसरला. थोड्या वेळाने त्या पडून राहिल्या आणि म्हणाल्या, "आता बरं वाटतंय गं. उगाच पंप नको. तू झोप जा, सकाळी कॉलेज आहे तुला." मी नळी पुढे केली. काटा १२०वर होता. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली काटा गेला की तो धोका समजायचा, असे डॉक्टरांनी आम्हाला बजावलेले होते. पंप देत देतच आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, नेब्युलायझर लावला, पहाटेपर्यंत तेथे बसलो. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच बरे वाटत होते. तेलाने आणि हाताने भीती उतरवली होती, आणि आतली वाट मात्र आवळत चालली होती. भीती ही कधीकधी घरातली सर्वांत जागी राखणदार असते. तिला झोपवण्यापूर्वी दार तपासावे लागते.

येथे कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी जुने ते सगळे भासाचे आणि नवे तेवढे खरे. तसे नाही. आपल्याकडे दम्यावर धोतऱ्याची वाळलेली पाने जाळून धूर घेण्याची रीत होती. १८०२च्या सुमारास ती मद्रासेहून इंग्लंडात गेली आणि पुढचे शतकभर युरोपात दम्याच्या सिगारेटी आणि धुऱ्यांच्या पुड्या विकल्या गेल्या. लहानपणापासून दम्याने जखडलेला मार्सेल प्रूस्त बुचाच्या अस्तराने मढवलेल्या खोलीत अशाच धुऱ्या घेत लिहीत असे. त्या धुरात खरोखरच औषध होते. धोतऱ्यातले ॲट्रोपिन श्वासनलिकांचे स्नायू सैल करते. ते विषारीही आहे, प्रमाण चुकले तर भ्रम होतो, जीव जातो; आज कुणी ते करू नये. पण नेब्युलायझरमधून दिले जाणारे इप्राट्रोपियम हे औषध त्याच ॲट्रोपिनच्या कुळातले आहे. निलगिरीतल्या सिनिओलबद्दलही असेच काही सांगता येते. जर्मनीत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात स्टिरॉइडच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या ३२ दमेकऱ्यांपैकी निम्म्यांना सिनिओलच्या मोजून दिलेल्या कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना दिखाऊ कॅप्सूल. बारा आठवड्यांत सिनिओल घेणाऱ्या १६पैकी १२ जणांना स्टिरॉइडचे प्रमाण कमी करता आले, दुसऱ्या गटात १६पैकी फक्त ४ जणांना. ३२ माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि ही मोजलेली कॅप्सूल पोटात जाते. पाठीवर चोळलेल्या दोन थेंबांना ती साक्ष उपयोगी नाही, आणि बाटलीतले तेल पिणे तर विषच. पण रेघ जुने आणि नवे यांच्यामध्ये नाही, एवढे त्यातून दिसते. रेघ आहे ती मोजलेले आणि न मोजलेले यांच्यामध्ये.

आणि मालीश? त्याचीही थोडी मोजणी झालेली आहे. मायामीतल्या टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दमा असलेल्या ३२ मुलांपैकी काहींच्या आईवडिलांनी महिनाभर रोज झोपण्यापूर्वी २० मिनिटे मुलाचे अंग चोळले. लहान मुलांची अस्वस्थता उतरली, आणि महिन्याभरात श्वासाच्या मोजमापातही सुधारणा दिसली. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी मात्र दम्यावरचा उपचार म्हणून हाताच्या उपायांची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. मला त्या अभ्यासातली एक गोष्ट लक्षात राहिली. चोळणारे हात आईवडिलांचे होते.

आमच्या घरात हा प्रश्न निराळ्या रूपात होता. सतरा वर्षांत मी सासूबाईंना स्पर्श केला तो सणावारी वाकून नमस्कार करण्यापुरता. त्यात कसले वैर नव्हते. आपल्या घरांत मोठी माणसे एकमेकांना हात लावत नाहीत, एवढेच. माया वाढायच्या ताटातून कळते, 'जेवलीस का' यातून कळते. हातातून कळत नाही. पहिल्या रात्री त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा दोघीही अवघडलो होतो. पाठीचे मणके हाताला लागत होते, प्रत्येक श्वासागणिक बरगड्या कशा वर ओढल्या जातात ते तळव्याला कळत होते. त्या आधी शाळेतल्या बदल्यांविषयी बोलत राहिल्या, मग गप्प झाल्या, मग त्यांचा श्वास हळूहळू लांब होत गेला. तेल नसते तर हे घडले नसते. "आई, जरा पाठ चोळून देते" असे नुसते म्हणण्याची माझी हिंमत झाली नसती आणि त्यांनी ते करूही दिले नसते. बाटली आणि पुस्तिका हातात असल्यामुळे त्या प्रेमाला उपचाराचे सभ्य नाव मिळाले.

गेल्या श्रावणात निलगिरीची बाटली संपली होती. मी नुसतेच कोमट तिळाचे तेल घेतले. त्यांना सांगितलेही. वहीत त्या रात्री 'वाटते' या रकान्यात आठ गुण आहेत. एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. पण त्यानंतर नवी बाटली आणण्याची घाई दोघींनीही केली नाही. पाटापुटियन यांना नोबेल मिळाले ते गारव्याबरोबरच दाब आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी, आणि त्याच कुळातले ग्राहक श्वासाच्या नियमनातही भाग घेतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पाठीला कळतं, कोण चोळतंय ते." शास्त्र असे म्हणत नाही. मी दुरुस्ती केली नाही.

आता आमच्या घरात एक क्रम ठरलेला आहे. आधी काटा, मग पंप, मग तेल. पंप साडीच्या घडीतून निघून देवघराशेजारच्या फळीवर आला आहे. रोजचा पंप सूज आटोक्यात ठेवतो, म्हणून बरे वाटत असतानाही तो चुकवायचा नाही, हे त्या आता भेटायला येणाऱ्या इतर दमेकऱ्यांना सांगतात. पेटीतल्या बाकीच्या बाटल्या बंदच राहिल्या. उग्र वासाने त्यांना ढास लागते, आणि पुष्कळ दमेकऱ्यांचे असेच असते. तीव्र तेल कधीही नुसते अंगाला लावायचे नाही, चमचाभर साध्या तेलात दोन थेंब पुरे. आणि शेजारची तान्ह्या बाळाला घेऊन आली की कापराची डबी त्या स्वतः उचलून आत ठेवतात. दोन वर्षांखालच्या मुलाच्या छातीला, नाकाजवळ कापूर किंवा मेंथॉल लावू नये, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात, हे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे.

दमा बरा होत नाही. तो आटोक्यात राहतो. म्हणजे ज्या दुसऱ्या क्रियापदाचा मी एवढा आग्रह धरला, ते सासूबाईंच्या वाट्याला पूर्णपणे कधीच येणार नाही. उतारवयातल्या बहुतेक दुखण्यांचे असेच असते. होण्याची वाट बंद असते, उरते ते वाटणे. म्हणून मला ते हलके मानता येत नाही. 'नुसते बरे वाटते, बाकी काही नाही' असे आपण तुच्छतेने म्हणतो, तेव्हा ज्याची रात्र उशांना टेकून बसून जाते त्याचा आपल्याला विसर पडलेला असतो. फक्त एवढेच की वाटण्याला होण्याच्या जागी बसवू नये. काटा पाहून, पंप देऊन झाल्यावर जी वीस मिनिटे उरतात, त्या वीस मिनिटांत तेलाला आणि हाताला पुष्कळ काम असते.